एक मजला चढल्यावर होणारी धडधड

गेल्या वर्षी काही महिने एक मजला चढून गेले तरी माझ्या छातीत धडधड होई, धाप लागे आणि कठड्याला धरून उभे राहावे लागेल इतकी चक्कर येई. अपुरी झोप आणि वाढते वय ही कारणे मी स्वतःच ठरवून टाकली होती. पहिल्या डॉक्टरांनीही कोणतीही तपासणी न करता ‘ताण घेऊ नका’ एवढेच सांगितले. पुढे साध्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ७.८ निघाले. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे ते किमान १२ आणि पुरुषाचे १३ ग्रॅम प्रति डेसिलिटर असावे लागते. हिमोग्लोबिन घटले की रक्तातून कमी प्राणवायू वाहून नेला जातो आणि ती उणीव भरून काढण्यासाठी हृदय वेगाने धावू लागते; त्यामुळे बसल्या जागी ठीक वाटणारा माणूसही थोड्याशा हालचालीने धापा टाकतो.

मात्र हीच तीन लक्षणे असलेल्या प्रत्येकाला रक्तक्षयच, म्हणजे हिमोग्लोबिनची कमतरताच, असते असे नाही, म्हणून त्रास नेमका केव्हा होतो हे लिहून ठेवावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर शरीरातले पाणी कमी होणे किंवा उभे राहिल्यावर रक्तदाब उतरणे ही कारणे संभवतात; काहींचा रक्तदाब उतरत नाही, पण उभे राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत नाडीचे ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक वाढतात, आणि असा त्रास कधी कधी विषाणूजन्य आजारानंतर सुरू होतो. वजन उतरणे, हात थरथरणे, उकाडा सहन न होणे यांची जोड असेल तर थायरॉइड तपासावे. धडधड अचानक सुरू होऊन अचानक थांबत असेल, तर हृदयाच्या लयीतील बिघाडाची शक्यता असते. तो ईसीजी काढण्याच्या वेळी नेमका सापडेलच असे नसल्याने २४ तासांची होल्टर तपासणी (अंगावर छोटे यंत्र लावून हृदयाच्या ठोक्यांची सलग नोंद) लागू शकते. हृदयाच्या झडपांचे विकार, दमा आणि काही औषधे यांचाही विचार करावा लागतो. चिंतेनेही असा त्रास खरोखर होतो, परंतु बाकीची कारणे तपासण्याआधीच तो शिक्का मारणे मला घातक वाटते.

श्रम करताना शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागणे व सोबत दम लागणे, यांपैकी काहीही झाल्यास नोंदी करत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे.

माझ्या बाबतीत लोहाच्या गोळ्यांनी काही आठवड्यांत जिना सोपा झाला, तरी शरीरातला लोहाचा साठा भरून येण्यासाठी हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही सुमारे तीन महिने त्या चालू ठेवाव्या लागल्या. लोह कमी का झाले, याचा शोध त्याहूनही महत्त्वाचा होता. मला मासिक पाळीत अतिरक्तस्राव होत होता. पण पुरुषांमध्ये किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये लोह कमी आढळले, तर जठरातून वा आतड्यातून नकळत रक्त जात आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे लागते.