आमची वाटचाल : 'ऑफ'पासून दिवेलागणीपर्यंत

२००९ साली कोथरूडच्या दोन खोल्यांत मी आणि माझ्या धाकट्या भावाने काम सुरू केलं. 'सेकंड लाइफ' नावाचं एक आभासी जग आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने २००३ साली उभं केलेलं. लोक तिथे जमीन घेतात, घरं-दुकानं बांधतात. त्या घरांतली दारं, दिवे, पाट्या ज्यावर चालतात त्या स्क्रिप्ट आम्ही लिहून देतो. आईने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही तिथले वायरमन." त्याहून नेमकं आजवर कोणी सांगितलेलं नाही.

सुरुवात करायला वेळ चांगली होती. आदल्याच वर्षी तिथे मोनो (स्क्रिप्ट चालवणारी नवी यंत्रणा) आलं होतं आणि एका स्क्रिप्टला मिळणारी मेमरी १६ केबीवरून ६४ केबी झाली होती. त्यामुळे शब्दांची यादी स्क्रिप्टमध्येच ठेवणं परवडू लागलं. आमचा सगळा धंदा पुढे त्या यादीवरच उभा राहिला.

वस्तूला ऐकायला शिकवायचं ते एलएल-लिसन या फंक्शनने, म्हणजे स्क्रिप्टमधल्या एका तयार आज्ञेने. साधं बोलणं, म्हणजे टाइप केलेलं, शून्य नंबरच्या चॅनलवर (बोलण्याच्या वाहिनीवर) चालतं आणि २० मीटरपर्यंत ऐकू येतं. कुजबुज १० मीटर, ओरडणं १०० मीटर. या फंक्शनला ठरावीक वाक्य देता येतं, पण ते तंतोतंत जुळावं लागतं. 'लाइट्स ऑफ' दिलं आणि माणूस 'लाइट्स ऑफ प्लीज' म्हणाला, तर दिवा ढिम्म हलत नाही. माणसं हुकूम सोडत नाहीत, बोलतात. म्हणून सगळं बोलणं ऐकायचं आणि त्यात आपला तुकडा शोधायचा, हे आम्ही पहिल्या महिन्यातच ठरवलं.

तुकडा शोधायला एलएल-सबस्ट्रिंग-इंडेक्स हे फंक्शन आहे. तुकडा वाक्यात कितव्या अक्षरावर सुरू होतो ते ते सांगतं. मोजणी शून्यापासून, आणि सापडला नाही तर उणे एक. आमच्या पहिल्या कामात, एका दुकानाच्या स्वागतिकेत (कोणी 'हॅलो' म्हटलं की स्वागत करणाऱ्या वस्तूत), मी सरळ 'जर सापडला तर' असं लिहिलं होतं. 'जर'च्या लेखी शून्य म्हणजे नाही आणि बाकी काहीही म्हणजे हो. परिणामी ज्याने 'हॅलो'ने वाक्य सुरू केलं त्याच्याशी ती अवाक्षर बोलेना, आणि ज्याने हॅलो म्हटलंच नाही अशा प्रत्येकाचं तोंड भरून स्वागत करी. दुरुस्ती एका ओळीची होती: उत्तर उणे एक नाही ना, एवढंच तपासायचं. पैसे परत करून आम्ही काम पुन्हा करून दिलं. ते गिऱ्हाईक त्यानंतर सहा वर्षं आमच्याकडे होतं.

मग आलं कॅफेचं काम. मालकीणबाईंना टेबलावरचे दिवे बोलण्यावर चालायला हवे होते. लावले, तपासले, दिले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की दर पाच-दहा मिनिटांनी काळोख होतो. आम्ही रात्री दोन वाजता तिथल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी आमचा अवतार (आमचं तिथलं पात्र) बसवला आणि येणारी प्रत्येक ओळ वाचत राहिलो. एका पाहुण्याने कॉफी मागितली आणि दिवे गेले. भावाने वहीवर कॉफीचं स्पेलिंग लिहिलं: सी, ओ, एफ, एफ, ई, ई. मधल्या ओ, एफ, एफ या तीन अक्षरांभोवती त्याने गोल काढला. कॅफेत बसलेली माणसं दुसरं काय बोलणार!

त्या रात्रीपासून आमची पद्धत बदलली. आधी वाक्य इंग्रजी लहान अक्षरांत (स्मॉल लेटर्स) आणायचं, मग मोकळी जागा, स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह अशा ठिकाणी फोडून शब्दांची यादी करायची आणि अख्खा शब्द त्या यादीत शोधायचा. फोडण्यासाठी आठच चिन्हं देता येतात, ती विचार करून निवडावी लागतात. ती वही अजून आमच्या कपाटात आहे.

शेजारशेजारच्या दोन दुकानांतल्या आमच्या स्वागतिका रात्रभर एकमेकींचं स्वागत करत बसल्याचाही प्रसंग झाला. आता बोलणारा माणूस आहे की वस्तू, हे आधी पाहतो. तिथे प्रत्येक माणसाला आणि वस्तूला स्वतःचा ओळख-क्रमांक असतो, त्याला किल्ली म्हणतात. बोलणाऱ्याची किल्ली आणि त्याच्या मालकाची किल्ली एकच असेल तर तो माणूस. आणि जवळ कोणी नसेल तर कान बंद करतो, कारण उगाच ऐकत राहणाऱ्या वस्तूचा भार त्या सगळ्या परिसरावर पडतो.

एक काम आम्ही नाकारलं. एकाला त्याच्या जागेत येणाऱ्यांचं बोलणं गुपचूप बाहेर पाठवणारा फ्लॉवरपॉट हवा होता. तिथले नियम परवानगीशिवाय कोणाचं बोलणं इतरांना द्यायला मनाई करतात. नियम नसता तरी आम्ही केलं नसतं. मोठी रक्कम होती आणि त्या महिन्यात भाडं थकलं होतं; तरी त्या निर्णयाचा मला आजही अभिमान आहे.

मराठी काम आलं ते फार उशिरा. न्यू जर्सीतल्या एका गृहस्थांनी आपल्या गावच्या वाड्यासारखा वाडा तिथे बांधला होता. देवघरातला दिवा 'दिवा लाव' म्हटल्यावर लागावा, एवढीच मागणी. मी म्हटलं, तासाभराचं काम. तीन आठवडे लागले. इंग्रजीत 'लॅम्प' हा लॅम्पच राहतो. मराठीत दिवा, दिवे, दिव्याला, दिव्यांना. शब्दाचं मूळ धरावं म्हणून 'दिव' घेतलं तर 'दिवस' म्हणताच ज्योत पेटली. 'दिवा' आणि 'लाव' हे दोन तुकडे एकत्र हवेत असं केलं, तर गृहस्थ म्हणाले, "यंदा दिवाळीला लावणीचा कार्यक्रम आहे," आणि दिवा लागला. त्यात अर्धे लोक रोमन अक्षरांत लिहिणारे; 'व'साठी कोणी व्ही वापरतं, कोणी डब्ल्यू.

शेवटी दोन याद्या केल्या, अख्ख्या शब्दांच्या. एकीत दिव्याची रूपं आणि समई, निरांजन. दुसरीत लाव, लावा, लावू, पेटव. दोन्हींतला एकेक शब्द त्याच वाक्यात आला तरच ज्योत. त्यामुळे संध्याकाळी कोणी 'दिव्या दिव्या दीपत्कार' लिहिलं तरी दिवा आपला शांत. याद्या स्क्रिप्टबाहेर नोटकार्डात (तिथल्या साध्या मजकुराच्या चिठ्ठीत) ठेवल्या, म्हणजे त्यांच्या त्यांना भर घालता येईल.

महिन्याभराने त्यांचा निरोप आला. त्यांची आई भारतातून आली होती, मुलाच्या शेजारी बसून वाडा पाहत होती. तिन्हीसांजेचं आकाश पाहून त्या म्हणाल्या, "दिवेलागण झाली." मुलाने ते जसंच्या तसं टाइप केलं. दिवा लागला नाही. त्याच रात्री तो शब्द आम्ही तिसऱ्या यादीत घातला. त्या यादीत तो एकटाच आहे.