तुम्ही विचारलंत म्हणून: दाराच्या फटीपायी दोन वर्षं

‘दारं बसली होती, रंग झाला होता, गाडी रस्त्यावर आली होती. मग पुन्हा कापून दोन वर्षं उभी का केलीस?’ लग्नात भेटलेले विचारतात, पंपावर पेट्रोल भरणारा विचारतो, बहीण तर दर फोनला विचारते. आजवर मी ‘मिस्त्रीनं वाट लावली होती’ एवढंच सांगत आलो. ते उत्तर पुरं नाही. खरं म्हणजे ते बरोबरही नाही.

गाडी तुम्हाला माहीतच आहे. बाबांची १९८३ ची प्रीमियर पद्मिनी, घरात तिला आजही फियाटच म्हणतात.

तुम्हाला वाटतं मी दिसण्यासाठी हटून बसलो. दार आणि शेजारचा पत्रा यांच्यामधल्या फटीत बोट घालून तुम्ही म्हणता, ‘एवढ्याशा फरकानं काय होतं?’ ऐका. पद्मिनीला ट्रकसारखी किंवा जुन्या जीपसारखी खाली वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. दाराखाली जी पोकळ पेटी असते, सिल, ती गाडीचं पुढचं आणि मागचं धड धरून ठेवते. सिल गेली की गाडी मधे खचते. खचली की दाराची चौकट तिरपते, वरचे कोपरे जवळ येतात, खालचे लांब जातात. नुसत्या नजरेनं बघाल तर काही कळणार नाही, पण दाराची फट बरोबर सांगते. वर बारीक आणि खाली रुंद फट दिसली की मला गाडीची पाठ वाकलेली दिसते. ते पुट्टीनं झाकता येतं, नाही असं नाही. झाकून चालवायचं का, एवढाच माझा प्रश्न होता.

२०१९ च्या महापुरात कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. इंजिन आम्ही लगेच उघडलं, गालिचे फेकून दिले, आतून पुसून काढली. सिलकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पाणी खाली जायला तिला भोकं असतात, ती गाळानं बुजली, आणि ओला गाळ आत तसाच बसून राहिला. वरचा रंग अगदी धड. २०२२ मध्ये स्क्रू-ड्रायव्हरनं सहज दाबून बघितलं तर तो मुठीपर्यंत आत गेला.

उद्यमनगरात ज्या चाचांकडे गाडी दिली त्यांचा हात चाळीस वर्षं पत्र्यावर. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “साहेब, दारं लावूनच कापूया. आधी एक बाजू, मग दुसरी. उघडं करून कापलं तर गाडी बसंल.” ही वाक्यं मला शब्दन् शब्द आठवतात, कारण त्यानंतर मी जे बोललो तेही आठवतं. मी म्हणालो, “चाचा, दसऱ्याला पूजेला गाडी दारात पाहिजे. पेंटरला दारं आजच देऊन टाकू, तोवर तुम्ही दोन्ही बाजू उरका.” बाबा गेल्यानंतर गाडीची पूजा झाली नव्हती, आईनं त्या वर्षी पहिल्यांदा विचारलं होतं. चाचा थोडा वेळ गप्प उभे राहिले, मग पाना घेऊन बिजागऱ्यांचे बोल्ट सोडायला लागले.

चार दारं भिंतीला टेकलेली, गाडी पुढं-मागं स्टँडवर, आणि दोन्ही सिल एकदम कापलेल्या. आज तो फोटो बघवत नाही. तेव्हा मी तो नातेवाइकांना कौतुकानं पाठवला होता.

नव्या सिल जोडून झाल्या, रंगलेली दारं आली. पुढचं डावं दार लावलं तर वर जेमतेम दोन मिलिमीटर आणि खाली नऊ. चाचांनी बिजागरीखाली वायसर घातले, लॉकपाशी लाकडाचा ठोकळा अडकवून दार गुडघ्यानं दाबलं, चौकटीवरचा स्ट्रायकर, म्हणजे लॉक जिथं अडकतं तो खटका, सरकवला. खालच्या कडेला पुट्टी चढवून फट बारीक केली, तेवढ्यावर रंगाचा हात मारला. दार लागलं. मी जवळच उभा होतो, सगळं बघत होतो, आणि मला हायसं वाटलं.

दसऱ्याला सकाळी झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, आई पुढच्या सीटवर बसली. मी दार लावलं. वरच्या कोपऱ्यात कर्रकन आवाज झाला, आणि खालच्या कडेची पुट्टी, नखाएवढा टवका, तिच्या पदरावर पडला. एका बाजूनं चकचकीत निळा, दुसऱ्या बाजूनं पांढरट. आईनं तो उचलला, उलटसुलट करून बघितला आणि खिडकीतून माझ्या हातात दिला. ‘हे तुझं पडलं,’ म्हणाली. आम्ही अंबाबाईच्या देवळापर्यंत जाऊन आलो. येताना प्रत्येक खड्ड्याला तोच आवाज.

त्या रात्री मी वहीत लिहिलं, ‘मिस्त्रीनं वाट लावली.’ पुढं कित्येक महिने तेच सगळ्यांना सांगत सुटलो. वही समोर आहे. तेव्हाचा मी अजूनही वाद घालतो. अनुभवी माणसानं नाही म्हणायला हवं होतं ना? ठोकळा घालण्याआधी दोन मिलिमीटर म्हणजे काय ते सांगायला हवं होतं ना? ह्यात काहीच तथ्य नाही असं मी आजही म्हणणार नाही. पण त्यांनी सांगितलं होतं. पैसे देणारा मी आणि घाई माझी. अशा वेळी हातावर पोट असलेल्या माणसानं नाही म्हणजे किती वेळा म्हणायचं?

परत गेलो तेव्हा चाचा एवढंच बोलले, “ह्या वेळी तारीख सांगू नका.”

आता ती दोन वर्षं कशात गेली ते. आधी गवंड्याची पाण्याची नळी आणून जमीन सपाट आहे का ते बघितलं, मग गाडीला खालून आधार दिले. चौकटीत आतून पाइप वेल्डिंगचे टाके मारून बसवले, कर्णांची मापं खडूनं टपावर लिहिली. एका वेळी एकच बाजू. टाका मारायचा, पत्रा गार होऊ द्यायचा, कारण गार होताना तो ओढतो, मग दार लावून फट बघायची, मग पुढचा टाका. आधी मागचं दार, कारण त्याच्या मागचा पत्रा जागचा हलत नाही. त्याला धरून पुढचं. बॉनेट सगळ्यात शेवटी. फट मोजायला टाइल्समधे घालतात ते चार मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे स्पेसर. पहिल्या वेळी आम्ही रिकामी दारं बसवली होती. ह्या वेळी काच, काचेचं मशीन, नवं रबर, सगळं घालून बसवली, कारण काचेच्या वजनानं दार उतरतं आणि नवं रबर ते बाहेर ढकलतं. रंगाचे थर फटीतून अर्धा मिलिमीटर खातात, तोही आधीच धरला.

मागचं उजवं दार खालून संपलेलंच होतं. कुर्ल्याच्या भंगारातून एका टॅक्सीचं आणलं, आतल्या बाजूला तिचा काळा रंग अजून आहे. ज्या कुर्ल्याच्या कारखान्यात आमची गाडी घडली तिथलंच ते दार, मॉडेल तेच, तरी तीन मिलिमीटरनं बसेना. त्या एका दारात पाच आठवडे गेले.

कारखान्यातून आली तेव्हा तरी फटी सारख्या होत्या का, असं भावजींनी विचारलं. नव्हत्या. १९८३ च्या फोटोत डाव्या बाजूची फट खाली जास्त आहे, मी भिंग लावून बघितलंय. मग मी कुठलं माप गाठत होतो? सिल मजबूत झाली तिथंच थांबता आलं असतं, पुढचं निम्मं काम माझ्या हट्टाचं होतं. असं एखाद्या दिवशी वाटतं. दुसऱ्या दिवशी दार लावतो, एका बोटानं ढकललं तरी ते टक् करून लागतं, आणि मग तसं वाटत नाही.

ह्या दोन वर्षांत आईचे गुडघे गेले. त्या बुटक्या सीटवर तिला आता बसता येत नाही, बसली तर उठता येत नाही. गाडी आली तेव्हा ती पायरीवर खुर्ची टाकून बसली होती. मी चारही दारं एकेक करून लावून दाखवली. ‘आवाज येत नाही आता,’ म्हणाली.

टॅक्सीच्या त्या दाराची फट खाली अजून साडेपाच मिलिमीटर आहे. चाचा म्हणतात राहू दे. पावसाळा होईपर्यंत मी त्याला हात लावणार नाही.