गाऊन काढायची बारा मिनिटं

गोव्यात वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत मी आयपीक्यूएमध्ये (चालू उत्पादनाची गुणवत्ता तपासणारा विभाग) आहे, म्हणजे गोळ्या तयार होत असताना मशीनजवळ थांबून दर अर्ध्या तासाने वजन, जाडी, हार्डनेस बघायचं आणि बॅच रेकॉर्डमध्ये लिहून सही करायची. माहेर दोडामार्ग, सासर डिचोली. पहिल्या शिफ्टला कंपनीची बस साडेपाचला येते, मग आमोणे, माशेल, बाणास्तारी, जुने गोवे, बांबोळी करत झुआरी पुलावरून वेर्णा. जुलै होता, पाऊस लागून राहिलेला, मला एकतिसावा आठवडा चालू होता.

आमच्या कामाची एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. कॉम्प्रेशनच्या, म्हणजे पावडर दाबून गोळ्या बनवतात त्या भागात जायचं तर आधी एका खोलीत आपले कपडे-चपला काढून कंपनीचा युनिफॉर्म घालायचा, मग दुसऱ्या खोलीत त्याच्यावर गाऊन, टोपी, मास्क, ग्लोव्हज, शू कव्हर. आत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, आणि ते बरोबरच आहे, कुणाच्या तरी पोटात जाणारं औषध आहे ते. पण बाथरूमला जायचं तर हे सगळं उतरवायचं आणि परत चढवायचं. मी घड्याळ लावून बघितलंय, जाऊन येऊन बारा मिनिटं, ती पण पोट मोठं नसताना. तेवढ्यात अर्ध्या तासाचा चेक चुकला तर डेव्हिएशन पडतं, म्हणजे नियम चुकल्याची लेखी नोंद होते, आणि जागेवर उभं राहायला रिलिव्हर, म्हणजे तेवढ्यापुरतं बदली माणूस, नसेल तर चुकतोच. म्हणून आम्ही सगळ्या मुली एकच करतो, पाणीच पीत नाही. ठरवून नाही, सवयच लागते.

तीन आठवडे आधी मी सिनिअरकडे बसायला स्टूल आणि मध्ये एक रिलिव्हर मागितला होता. "प्रेग्नन्सी म्हणजे काय आजार नाही, आमच्या बायका पण करतातच की," असं उत्तर मिळालं. मी परत विचारलं नाही. अप्रेझल जवळ आलं होतं आणि "हिला आता काम जमत नाही" हे कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. घरी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. रात्री झोप लागायची नाही, डोळ्यांपुढे मशीन आणि सह्या. आई फोनवर म्हणायची टेन्शन घेऊ नको, शांत रहा, सकाळी गाणी ऐक. गाणी ऐकायची मी बसमध्ये, पण बसमधून उतरल्यावर काय करायचं ते कोण सांगणार.

त्या दिवशी जोडीची मुलगी आली नव्हती, दोन मशीन माझ्या एकटीवर, पुढच्या आठवड्यात ऑडिट. साडेदहाच्या चेकला एका मशीनची हार्डनेस खाली यायला लागली. परत दहा गोळ्या घेतल्या, परत कमी. मशीन थांबवायला सांगितलं तसा ऑपरेटर कुरकुरला, प्रॉडक्शनवाल्यांचा इंटरकॉम आला की डिस्पॅच आजच आहे, थोडं ॲडजस्ट करून चालू द्या. मी नाही म्हटलं, होल्डचं लेबल लावलं, पण आवाज थरथरत होता. लेबलवर वेळ लिहीत होते आणि पोट एकदम आवळलं. दगडासारखं घट्ट, गाऊनवरून हाताला कळत होतं. अर्धा-पाऊण मिनिटाने सैल झालं. वाटलं उभं राहून होत असेल. थोड्या वेळाने परत. तिसऱ्या वेळेला घड्याळ बघितलं, दहा मिनिटांनी येत होतं.

पॅकिंगमधल्या एक मावशी काचेपलीकडून बघत होत्या. त्या बाहेर आल्या, मला हाताला धरून चेंजरूममध्ये बसवलं, गाऊन त्यांनीच सोडला, आणि कुणाला न विचारता फर्स्ट एड रूममध्ये नेलं. नर्सने बीपी घेतलं, 138/88. मग तिने विचारलं, "सकाळपासून लघवीला किती वेळा गेलात?"

मला उत्तर द्यायला वेळ लागला. एकदा. घरून निघताना, पाचला. आणि पाणी? बसमध्ये दोन घोट. अकरा वाजून गेले होते.

कंपनीच्या गाडीने बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला नेलं. पुलावर गाडी अडकली तेव्हा मी फक्त बाळ हलतंय का ते बघत होते. हललं. तिथे पोटाला पट्टे लावून ठोके बघितले, ते व्यवस्थित होते. पिशवीचं तोंड बंद होतं. लघवीत अल्ब्युमिन नव्हतं पण पस सेल्स होते, म्हणजे इन्फेक्शन. डॉक्टर बाईंनी नीट समजावलं, की शरीरात पाणी कमी पडलं आणि लघवीचं इन्फेक्शन झालं की पिशवी अशी आवळायला लागते, आणि दुर्लक्ष केलं तर दिवस भरायच्या आधी कळा सुरू होऊ शकतात. बीपी 140/90 किंवा त्याच्या वर गेलं असतं तर ते वेगळं प्रकरण झालं असतं. सलाईन लावलं, गरोदरपणात चालणारं अँटिबायोटिक दिलं, डाव्या कुशीवर झोपवलं. दोनेक तासात आवळणं थांबलं. नवरा आला तेव्हा मी रडत होते, आणि त्याला पहिल्यांदा ती स्टूलची गोष्ट सांगितली.

मला या दिवसाचं हेच सांगायचंय. मी टेन्शन म्हणजे मनातली गोष्ट समजत होते, जी आपणच मन घट्ट करून सांभाळायची. माझं टेन्शन बारा मिनिटांचं होतं, एका रिलिव्हरचं होतं.

कायदा पण तेव्हाच वाचला. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात (नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय, या तरतुदी तिच्यातही आहेत) 26 आठवड्यांची पगारी रजा होती, 2017 च्या दुरुस्तीने झालेली, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यातच असंही होतं की डिलिव्हरीच्या अपेक्षित तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्या मागचा जो एक महिना, त्यात बाईने मागणी केली तर तिला जड किंवा खूप वेळ उभं राहायचं काम देता येणार नाही. मी नेमकी त्याच महिन्यात होते. मागणी लेखी केली, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली, एचआरने चार दिवसांत मला ऑफिसमध्ये बॅच रेकॉर्ड तपासायला बसवलं. टेबलावर बाटली, दोन तासांनी उठायचं, रात्री जेवल्यावर कुशीवर पडून बाळाच्या हालचाली मोजायच्या, दोन तासांत दहा. झोप यायला लागली. मुलगी अडतिसाव्या आठवड्यात झाली, पावणेतीन किलो.

रजा संपवून आता परत फ्लोअरवर आहे. स्टूल आलंय, रिलिव्हरचं नाव शिफ्टच्या चार्टवर लिहितात. पण ते आमच्यासाठी, कंपनीच्या रोलवरच्यांसाठी. पॅकिंगमध्ये कॉन्ट्रॅक्टवर एक मुलगी आहे पेडण्याची, पाचवा महिना, तिने अजून सुपरवायझरला सांगितलेलंच नाही, कामावरून काढतील म्हणून. पगार 21,000 च्या आत आहे, ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, कार्ड आहे, आधीच्या दोन कॉन्ट्रिब्युशन पिरियडमध्ये (हप्ते भरायचे सहा-सहा महिने) 70 दिवस भरले असतील तर तिलाही 26 आठवडे मिळतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. परवा चेंजरूममध्ये तिची बाटली बघितली, सकाळी भरलेली तशीच होती, झाकणसुद्धा उघडलेलं नाही. मी तिथेच तिला बसवून अर्धी प्यायला लावली. उद्या अकराला एचआरची वेळ घेतलीय, मी तिच्याबरोबर जाणार आहे. मावशी पण येते म्हणाल्यात.