शेवटच्या पानापासून

जुन्या स्थानिक पेपरांचा गठ्ठा हाती लागला की मी अग्रलेख आधी वाचत नाही. खोटं कशाला बोला! आधी शेवटचं पान. मालदांडी ज्वारी, शेंगा, तूर, गूळ यांचे भाव, निधन वार्ता आणि जाहीर नोटिसा. ‘सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, हितसंबंध असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे.’ त्या दोन ओळींत अर्धी कादंबरी असते. कोण विकतोय, कर्ज कशापायी झालं, कुठला चुलतभाऊ हरकत घेणार, हे गावाला आधीच ठाऊक. पेपरात येतं ते फक्त वकिलाच्या भाषेत.

सोलापूरला पेपर काढायची हौस जुनी आहे. 1860 मध्ये रेल्वे आली, 1877 मध्ये ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापड गिरणी उभी राहिली. गिरणीबरोबर कामगार आले, व्यापार वाढला, कोर्टात वकिलांची गर्दी झाली. एवढी माणसं एका जागी जमल्यावर छापायला मजकूर कमी पडणार होय? ‘कल्पतरू’, ‘सोलापूर समाचार’ ही नावं एकोणिसाव्या शतकातली. पंढरपूरचं गणित निराळं. तिथं आषाढी-कार्तिकीला अख्खा महाराष्ट्र येऊन जायचा, त्यामुळं वारी, पटकीची साथ, यात्रेकरूंवरचा कर या सगळ्या गावच्याच बातम्या. बार्शीला 1897 पासून कुर्डुवाडीला जोडणारी छोटी लाइन होती, तेव्हा बार्शीचा बाजार काय म्हणतोय हे पेठेत कळायला फार दिवस लागत नसावेत.

मोठ्या शहरातल्या संपादकाला एक सोय असते : ज्याच्यावर लिहिलं तो माणूस सकाळी चहाच्या टपरीवर भेटत नाही. तालुक्याच्या संपादकाला तो भेटतोच. शिवाय तो बहुधा जाहिरातदार असतो, आणि कधी कधी सोयराही! म्हणून या पेपरांत ‘एका प्रतिष्ठित गृहस्थाने’ असला मजकूर येतो, आणि तो गृहस्थ कोण हे सोडून गावाला बाकी काही विचारावं लागत नाही. तेही खरं तर ठाऊकच असतं. बुळेपणा म्हणून याला हसणं सोपं आहे. मला तरी तसं वाटत नाही.

कारण वेळ आली तेव्हा याच छोट्या पत्रांनी किंमत मोजली. मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला. ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना तुरुंगात जावं लागलं. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवायचे. चार हुतात्मा पुतळ्यांवरून आपण रोज रिक्षानं जातो, पण त्यातला एक पेपरवाला होता हे किती जणांच्या ध्यानात असतं?

छपाईचे खिळे जुळवून, ट्रेडल मशीन पायानं हाणून काढलेले हे अंक टिकले मात्र फार थोडे. कुणी जपून ठेवायचे? दुपारपर्यंत वाचून झाले की त्यात शेंगा बांधल्या जायच्या, फडताळात अंथरले जायचे. मुंबई-पुण्याची पत्रं ग्रंथालयांनी बांधून ठेवली. गावचं पत्र गावानंच वापरून संपवलं. 1961 पासून ‘संचार’ घरोघर आला. रंगा वैद्यांचा पेपर म्हणून आजोबांची पिढी तो वाचायची, आणि त्याचीही गत आमच्या घरी वेगळी झाली नाही. ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला एखादा अंक मात्र साड्यांच्या कृपेनं शाबूत राहतो.

असल्या अंकात वाचकांच्या पत्रव्यवहाराचा कॉलम जरूर बघावा. नळाला पाणी नाही, आलं तर रात्री येतं, पेठेतल्या गटारी तुंबल्या, एसटी फाट्यावर थांबत नाही, नगरपालिकेनं लक्ष घालावं. अंकाचा तारखेचा कोपरा फाटला असेल तर सोलापूरच्या पाण्याच्या तक्रारीवरून साल ओळखायच्या भानगडीत पडू नये. त्यासाठी भागवत थिएटरला कुठला सिनेमा लागलाय, ते बघावं.