रीपर मॅकवर आणि लिनक्सवर, लायसन्स एकच: कुठवर आलंय

तर डेस्कटॉपवर लिनक्स बसलं एकदाचं, लॅपटॉप मॅकच राहणार आहे, आणि रीपर (गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर) आता दोन्हीकडे चालतंय. ठरवलं होतं ते एवढंच की लिनक्ससाठी म्हणून नवीन काहीही विकत घ्यायचं नाही, जे लायसन्स आधीपासून आहे तेच दोन्हीकडे चाललं पाहिजे, आणि लॅपटॉपवर रेकॉर्ड केलेलं गाणं डेस्कटॉपवर उघडलं की तसंच्या तसं वाजलं पाहिजे. पहिला भाग बराचसा झालाय. दुसऱ्यानेच जास्त डोकं खाल्लं.

आधी रीपरचं. माझं लायसन्स ६ नंबरच्या व्हर्जनच्या वेळचं आहे, त्यामुळे ते ७.९९ पर्यंत चालणार (रीपरचं लायसन्स दोन मोठ्या व्हर्जनपुरतं असतं, हे नवीन लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतोय). त्यात ऑपरेटिंग सिस्टिमचा विषयच नाही, विंडोज मॅक लिनक्स सगळ्यांना तीच लायसन्स-की. ही की म्हणजे काय तर एक साधी टेक्स्ट फाइल. मॅकवर ऑप्शन्स मेनूमधून रिसोर्स पाथ उघडला, तिथली लायसन्सची फाइल पेनड्राइव्हवर घेतली, लिनक्सवर तोच फोल्डर होममधल्या डॉट कॉन्फिगच्या आत असतो, तिथे टाकली, रीपर बंद करून चालू केलं. वरच्या टायटल बारमधे रजिस्टर्ड टू आणि पुढे माझं नाव. संपलं. लॉगिन नाही, सर्व्हर नाही, नेट चालू असण्याचीही गरज नाही. अट एकच, एका वेळी एकाच मशीनवर वापरायचं. म्हणजे डेस्कटॉपवर लांबलचक रेंडर लावून ठेवून तोवर लॅपटॉपवर दुसरं गाणं एडिट करायचा विचार असेल तर तो अटीत बसत नाही, भले सॉफ्टवेअर अडवत नसलं तरी. मला तरी ही अट योग्य वाटते, माणूस एक आणि लायसन्स एक.

आणि सगळी मेख इथेच आहे. लायसन्सवाला मोजतो काय, माणूस की मशीन? बरेच जण खरेदी करताना विचारतात की हे लिनक्सवर चालतं का, पण तो प्रश्न अर्धाच झाला. बिटविग हे रीपरसारखंच सॉफ्टवेअर, त्याचं लायसन्स तिन्ही सिस्टिमवर चालतं पण मशीन्स तीन. पियानोटेक या सॉफ्टवेअर पियानोचंही तसंच, तीन मशीन्स, सिस्टिम कुठलीही, आणि ते लिनक्सवर अगदी मूळचं असल्यासारखं चालतं, आख्खा पियानो गणितातून तयार होतो त्यामुळे सॅम्पलचे (रेकॉर्ड केलेल्या सुरांचे) गिगाबाइट्स ओढायला लागत नाहीत. यू-ही या कंपनीच्या सिंथना (म्हणजे सॉफ्टवेअर सिंथेसायझरना) नाव आणि सिरियल नंबर टाकला की झालं, मॅकवरचा तोच लिनक्सवर. एबलटन या दुसऱ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला दोन मशीन्स मिळतात पण विंडोज आणि मॅक एवढंच, लिनक्सचं व्हर्जन मुळात नाहीच.

अजून एक गोष्ट जी कोणी फारसं बोलत नाही, कुठून विकत घेतलं त्यावरही ठरतं. तेच सॉफ्टवेअर मॅकच्या ॲप स्टोअरमधून घेतलं की ते त्या ॲपल अकाउंटला चिकटतं, हातात की येतच नाही, मग दुसऱ्या सिस्टिमवर टाकणार काय? डाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ हे याचं चांगलं उदाहरण आहे, व्हिडिओवाल्यांना माहीत असेल. लायसन्स-कीसकट घेतलं तर मॅक, विंडोज, लिनक्स कुठेही दोन मशीन्सवर चालतं, ॲप स्टोअरवरून घेतलं तर फक्त मॅक. पुढेमागे सिस्टिम बदलायची थोडीशी जरी शक्यता असेल तर स्टोअरच्या वाटेला जाऊ नका.

आता एका सिंथची रडकथा, नाव घेत नाही. लायसन्स दोन मशीन्सचं, एक जागा मॅकवर गेलेली, दुसरी डेस्कटॉपला. डेस्कटॉपवर आधी विंडोज होतं, तिथे ॲक्टिव्हेट केलेलं होतं, मग त्याच डबड्यात दुसऱ्या डिस्कवर लिनक्स टाकलं आणि सिंथ म्हणतो लिमिट संपली. मशीन तर तेच आहे ना, तोच प्रोसेसर तीच रॅम. पण असे प्लगइन (रीपरसारख्या सॉफ्टवेअरच्या आत बसणारे सिंथ, इफेक्ट वगैरे) बरेचदा हार्डवेअर बघतच नाहीत, सिस्टिम इन्स्टॉल होताना तयार झालेला आयडी बघतात, विंडोजमधे तो रजिस्ट्रीत असतो आणि लिनक्समधे ईटीसी फोल्डरमधल्या मशीन-आयडी नावाच्या फाइलमधे. त्यामुळे ड्युअल बूट म्हणजे त्यांच्या हिशोबाने सरळ दोन कॉम्प्युटर, आणि फॉरमॅट करून तीच सिस्टिम परत टाकली तरी नवीन कॉम्प्युटर. सपोर्टला मेल केला तर आधी ठरलेलं उत्तर आलं, मग परत लिहिल्यावर जुनी जागा मोकळी करून दिली. ज्यांच्या अकाउंट पेजवर स्वतःच जागा मोकळी करता येते ते बरे, बाकीच्यांसाठी नियम असा की जुनी सिस्टिम उडवायच्या आधी तिच्यात जाऊन डिॲक्टिव्हेट करायचं, नंतर तिथे पोचता येत नाही.

आयलॉकवाल्यांनो (म्हणजे ज्यांच्या प्लगइनचं लायसन्स आयलॉक या सिस्टिमवर असतं ते), तुमच्यासाठी वाईट बातमी तीच जुनी. मॅक आणि विंडोजमधे यूएसबी डोंगल काढून घालता येतं आणि एकच लायसन्स आरामात फिरतं, पण लिनक्सला आयलॉकचा सपोर्ट नाही. माझे त्यातले कॉम्प्रेसर लॅपटॉपवरच राहिले. वाइन आणि वायब्रिज लावून विंडोजचे प्लगइन लिनक्सवर चालवता येतात, आणि साध्या सिरियल नंबरवाल्यांचं ते बऱ्यापैकी जमतं, पण जिथे लायसन्स तपासायला वेगळी सर्व्हिस मागे चालू लागते तिथे मी त्या भानगडीत पडत नाही.

लायसन्स झालं की प्रोजेक्ट उघडायचा, आणि तिथे खरी गंमत. माझी जुनी गाणी मॅकवरची असल्यामुळे निम्म्या ट्रॅकवर प्लगइन एयू फॉरमॅटचे होते. एयू हे फक्त ॲपलचं, त्यामुळे तोच सिंथ लिनक्सवर लायसन्ससकट बसलेला असला तरी प्रोजेक्ट त्याला ओळखत नाही, ट्रॅकवर प्लगइन सापडला नाही असं दाखवतो आणि शांत बसतो. रीपरचं एक चांगलं आहे, न सापडलेल्या प्लगइनची सेटिंग्ज तो फेकून देत नाही, प्रोजेक्टमधे तशीच ठेवतो, परत मॅकवर उघडलं की सगळं जागच्या जागी. म्हणून आता मॅकवर बसून एकेक गाणं उघडतोय, एयूचा प्रीसेट सिंथच्या स्वतःच्या प्रीसेट फाइलमधे सेव्ह, त्या जागी व्हीएसटी ३ किंवा क्लॅपवाला (हे फॉरमॅट लिनक्सवरही चालतात) टाकायचा, प्रीसेट लोड, ऑटोमेशन (गाणं वाजताना आपोआप बदलणारी सेटिंग्ज) असेल तर नवीनवर हलवायचं. कंटाळवाणं काम आहे पण एकदाच करायचंय. आणि ज्यांना लिनक्सवर पर्यायच नाही ते ट्रॅक सरळ फ्रीझ करतो. फ्रीझ केला की प्लगइनसकटच्या आवाजाची ऑडिओ फाइल होते आणि तिकडे तीच वाजते, बदल करायचा झाला तर मॅकवर येऊन अनफ्रीझ. नवीन गाण्यांसाठी मात्र ठरवलंय की एयूला हात लावायचा नाही. ईक्यू, कॉम्प्रेसर वगैरे रोजच्या वापराला रीपरचे स्वतःचे आणि जेएसएफएक्सवाले, ते सगळीकडे असतात (जेएसएफएक्स म्हणजे नुसता टेक्स्ट कोड, त्याला कुठल्या सिस्टिमचं बायनरी लागत नाही). सिंथसाठी सर्ज एक्सटी, फुकट आहे आणि तिन्हीकडे एकच.

आता जे अजिबात अपेक्षित नव्हतं ते. एक गाणं लिनक्सवर उघडलं तर बरेचसे टेक (रेकॉर्ड केलेले तुकडे) वाजतायत आणि काही ऑफलाइन, फाइल सापडत नाही म्हणून. फोल्डरमधे जाऊन बघतो तर फाइल समोर दिसतेय. नाव प्रोजेक्टमधेही तेच, अक्षर न् अक्षर तेच. मी फाइलींना नावं मराठीत देतो, आणि ऑफलाइन झालेल्या सगळ्यांच्या नावात काय कॉमन होतं तर 'दुसऱ्या', 'तिसऱ्या', 'कोपऱ्यातला माइक' असली नावं. तो ऱ्य. युनिकोडमधे ऱ लिहायच्या दोन पद्धती आहेत, एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, आणि दुसरी म्हणजे साधा र आणि त्याला वेगळा नुक्ता. स्क्रीनवर दोन्ही सेम टू सेम. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टिम नाव साठवतानाच असं फोडून ठेवायची, आणि माझी रेकॉर्डिंगची डिस्क त्या काळातली. २०१७ पासूनची एपीएफएस फोडत नाही पण दोन्ही रूपं एकच धरते, त्यामुळे मॅकवर हा घोळ कधी दिसलाच नाही. लिनक्सची एक्स्ट ४ मात्र बाइट्स बघते, बाइट वेगळे म्हणजे नाव वेगळं, विषय संपला.

मी दोन्ही मशीन्समधे सिंकथिंग (फाइली दोन्हीकडे सारख्या ठेवणारं टूल) लावलंय, ते फाइलची नावं नेताना ही रूपं आपणहून नीट करतं. पण प्रोजेक्ट फाइलच्या आत जे नाव लिहिलेलं आहे त्याला ते कशाला हात लावेल. बाहेर फाइल जोडलेल्या ऱ ची आणि आत प्रोजेक्टमधे फोडलेला र आणि नुक्ता, म्हणून भेट होत नाही. सुदैवाने रीपरची प्रोजेक्ट फाइल पण टेक्स्टच असते, तर चार ओळींची पायथन स्क्रिप्ट लिहिली जी प्रोजेक्टच्या प्रतीतला सगळा मजकूर जोडलेल्या रूपात आणते, आणि सगळे टेक परत जिवंत. सिंकथिंग न वापरता नुसतं कॉपी करत असाल तर फाइलींच्या नावांसाठी लिनक्सवर कन्व्हएमव्ही नावाचं छोटं टूल आहे, ते हेच काम करतं. इंग्रजी नावं देणाऱ्यांनी हसू नये, तुमच्यासाठी कॅपिटल आणि स्मॉल लेटरचा खड्डा आहेच, मॅक नेहमीच्या सेटिंगमधे त्यात फरक करत नाही आणि लिनक्स करतं.

बाकी किरकोळ. सेटिंग्जचा आख्खा फोल्डर उचलून नेऊ नका, त्यात ऑडिओ डिव्हाइस आणि प्लगइनचे पाथ जुन्या मशीनचे असतात. प्रेफरन्सेसमधून एक्सपोर्ट कॉन्फिगरेशन करून फक्त शॉर्टकट, टेम्प्लेट, थीम एवढंच नेलं. एक्स्टेन्शन कॉपी करायची नसतात, रीपॅकमधून (रीपरची एक्स्टेन्शन उतरवून देणारा मॅनेजर) घेतली की तो त्या सिस्टिमचं बरोबर बायनरी उतरवतो. ऑडिओ इंटरफेस (माइक वगैरे कॉम्प्युटरला जोडायचा डबा) क्लास कम्प्लायंट असल्यामुळे लिनक्सवर ड्रायव्हर टाकावाच लागला नाही, पाइपवायर या लिनक्सच्या ऑडिओ सिस्टिममधून चालतोय, बफर थोडा वाढवला की क्रॅकल बंद. सिंकमधून पीक फाइली (वेव्हफॉर्मचं चित्र दाखवायला लागणाऱ्या) वगळल्या, त्या प्रत्येक मशीन स्वतः बनवून घेतं.

राहिलेलं काम म्हणजे एयूवाली जुनी गाणी, निम्म्याच्या आसपास बाकी आहेत, आणि मिडी कंट्रोलरचं मॅपिंग, लिनक्सवर डिव्हाइसचं नाव वेगळं दिसतं म्हणून नव्याने नेमायला लागतंय. पायथनची स्क्रिप्ट कोणाला हवी असेल तर सांगा, पुढच्या लॉगमधे टाकतो. आणि एयूचं ऑटोमेशन त्याच सिंथच्या क्लॅपवर एकदम हलवायची स्क्रिप्ट कोणाकडे तयार असेल तर प्लीज द्या, हाताने एकेक एन्व्हलप (ऑटोमेशनची रेघ) ओढून ओढून वैताग आलाय.