शिलाई मशीनवरून भिंतीवर: ऑनिंगचं काम मी कसं शिकले

गच्चीवर किंवा हॉटेलच्या दारात ते कापडी छत दिसतं ना, हँडल फिरवलं किंवा मोटर चालवली की बाहेर येणारं आणि काम झालं की भिंतीलगत गुंडाळून बसणारं, ते ऑनिंग. भोसरीतल्या ज्या शेडमध्ये मी काम करते तिथं आम्ही ती तयार करतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बसवतो. मी आले होते शिलाईसाठी. आयटीआयला सुईंग टेक्नॉलॉजी केलेलं. त्याआधी इचलकरंजीत घरचे यंत्रमाग, त्यामुळं कापड हातात आलं की ताणा कुठला आणि बाणा कुठला हे बघावं लागत नव्हतं. आज माझं निम्मं काम मशीनवर नसतं, भिंतीवर असतं. हे सविस्तर लिहायचं कारण असं की शिकायला येणारी पोरं पहिल्या आठवड्यात नको त्या गोष्टीला भितात. मोटरला भितात, करंटला भितात, आणि ज्याला भ्यायला हवं त्याच्यापुढं तोंड घेऊन उभी राहतात. ते काय, ते पुढं येईलच.

सुरुवात कापडापासून. आमच्याकडं मुख्यतः ॲक्रिलिक चालतं. त्यात रंग कापड विणल्यावर चढवत नाहीत, धागा तयार होण्याआधीच द्रावणात मिसळतात. म्हणून कापड चिरलं तरी आत तोच रंग दिसतो आणि उन्हात वर्षानुवर्षं टिकतो. वजन चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास, पन्हा बहुतेक वेळा १२० सेंटिमीटरचा. म्हणजे ४ मीटर रुंदीच्या ऑनिंगला पट्टे जोडावेच लागतात. ते जोड भिंतीकडून पुढच्या पट्टीकडं जायला हवेत, आडवे नाहीत. ओढ त्याच दिशेनं असते आणि पाणीही त्याच दिशेनं उतरतं. आडवा जोड टाकला की पाणी शिवणीवर अडतं.

कपडे शिवणारीला इथं पहिली सवय मोडावी लागते ती बारीक टाक्याची. ब्लाउजला बारीक टाका म्हणजे कौतुक. ऑनिंगला बारीक टाका म्हणजे पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग, आणि प्रत्येक भोकातून पाणी. आम्ही टाका ४ मिलिमीटरच्या आसपास ठेवतो. दोरा पॉलिस्टरचा घेतला तर ऊन आधी दोरा खातं, कापड नंतर. चांगलं काम असेल तर पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीचा दोरा वापरतात. तो उन्हाला दाद देत नाही, पण महाग आहे आणि निसरडा आहे. मशीनचा ताण त्याच्यासाठी वेगळा लावावा लागतो, नाहीतर खालून गुंता होतो. काही शेडमध्ये आता शिवण्याऐवजी गरम हवेनं किंवा चिकटवून जोड देतात. तिथं भोकांचा प्रश्नच राहत नाही.

कापडाच्या दोन्ही टोकांना नेफा करायचा. परकराच्या नेफ्यात नाडी, इथं प्लॅस्टिकची गोल काठी. ती काठी वरच्या लोखंडी नळीच्या खाचेत आणि पुढच्या ॲल्युमिनियम पट्टीच्या खाचेत सरकवतात, आणि कापड अडकतं. दिसायला सोपं. पण नेफा गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसेल तर कापड नळीवर गुंडाळताना एका बाजूला चढत जातं. म्हणून शिवून झालं की कापड मोठ्या टेबलावर पसरून दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही सारखे आले तरच पुढं. टेबलावर दहा मिनिटं जास्त गेली तर चालतील, घोडीवर चढून तेच कापड उतरवायला अर्धा दिवस जातो.

एक गोष्ट गिऱ्हाइकाला कितीही सांगा, पटत नाही: जोडाशेजारी दिसणाऱ्या लाटा. नळी ७८ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे घेर साधारण २४५ मिलिमीटर. ३ मीटर कापड तिच्यावर बाराएक वेढे घेतं. जोडाच्या जागी कापड दुहेरी. जादाची जाडी अर्धा मिलिमीटर धरली तरी बारा वेढ्यांत तिथली गुंडाळी बाकीच्यापेक्षा ६ मिलिमीटर फुगते. मग जोडाचा भाग ओढला जातो आणि मधला भाग ढिला पडतो. हा शिवणीचा दोष नव्हे, गुंडाळण्याच्या हिशोबातच तो येतो. मी आता विक्रीच्या वेळीच नमुना दाखवते आणि सांगते, हे असं दिसणार. नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

आता ज्याला भ्यायचं ते. आर्म.

ऑनिंगला दोन आर्म असतात, खांद्यापाशी भिंतीकडच्या चौकोनी दांडीला धरलेले आणि मधोमध कोपरात दुमडणारे. आत दणकट स्प्रिंग असते आणि कोपरावरून स्टीलची केबल किंवा साखळी जाते. स्प्रिंगला सतत उघडायचं असतं आणि कापड तिला धरून ठेवतं. शिकाऊ मुलाला मी विचारते, मोटर काय करते? तो म्हणतो, ऑनिंग बाहेर ढकलते. नाही. मोटर फक्त कापड सोडते. बाहेर ढकलते ती स्प्रिंग. आत घेताना तेवढी मोटर ओढते. एवढं डोक्यात बसलं की निम्म्या तक्रारी जागेवर कळतात. कापड लोंबतंय? मोटरनं सोडलं, पण आर्म तेवढे गेले नाहीत, म्हणजे एकतर स्प्रिंग दमलीय, नाहीतर मोटरची हद्द, म्हणजे तिनं कुठं थांबायचं ती जागा, चुकीची लावलीय.

आमच्याकडचे जुने फिटर, त्यांना सगळे मामा म्हणतात, पहिल्या दिवशी मला आर्मजवळ घेऊन गेले. आर्म पट्ट्यानं बांधलेला होता. म्हणाले, "ताई, हा पट्टा कधी कापायचा ते मी सांगेन. तोवर हात लावायचा नाही. आणि याच्यासमोर उभं राहायचं नाही, बाजूनं उभं राहायचं." मग त्यांनी आर्म व्हाइसमध्ये आवळला, बाजूला सरकले आणि पट्टा कापला. तो आवाज ऐकला तेव्हा त्यांना आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. कापड बदलायचं असो की जुनं ऑनिंग उतरवायचं असो, आधी आर्म बंद स्थितीत बांधायचे, मगच कापडाला हात लावायचा. कापड हाच त्याचा लगाम आहे. तो काढला की आर्म सुटला.

आर्ममुळं मापाचाही एक नियम येतो. बंद होताना दोन्ही आर्म समोरासमोर दुमडून बसतात, म्हणून रुंदी ही बाहेर येण्याच्या लांबीपेक्षा जास्त लागते. ३ मीटर बाहेर हवं तर साधारण साडेतीन मीटर रुंदी धरा. २ मीटरच्या बाल्कनीला अडीच मीटर बाहेर येणारं छत मागणारे खूप येतात. त्यांना एकावर एक बसणारे आर्म घ्यावे लागतात, त्याची किंमत वेगळी. आणि डावा-उजवा आर्म! कुणाचा डावा? आतून बघणाऱ्याचा की बाहेरून? आमच्या शेडमध्ये नियम असा की बाहेर उभं राहून भिंतीकडं तोंड करायचं. परदेशी सामानाच्या कागदावर नियम उलटा असू शकतो, म्हणून ऑर्डरच्या कागदावर आम्ही चित्रच काढतो.

स्टँडवरची जुळणी मी फार लांबवत नाही, ती हाताला सवयीनं येते. चौकोनी दांडी, ब्रॅकेट, नळी, कापड सरकवणं, पुढची पट्टी, आर्म, मग उघड-बंद करून बघणं. पुढची पट्टी एका बाजूला आधी टेकत असेल तर त्या बाजूच्या खांद्याचा स्क्रू फिरवून उतार जुळवायचा. पाच मीटरच्या पुढं नळी मधोमध लवायला लागते, तिथं जास्त जाडीची नळी किंवा मधला आधार.

खरं शिक्षण साइटवर झालं, आणि ते भिंतीनं दिलं. मला वाटायचं, कापड आणि आर्म तर फारसे जड नाहीत, चार फास्टनर, म्हणजे भोकात आवळले की फुगून धरणारे बोल्ट, पुरेत. मामांनी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. ४ मीटर रुंद, ३ मीटर बाहेर, म्हणजे १२ चौरस मीटर. ऑनिंगच्या युरोपियन मानकात, ईएन १३५६१ मध्ये, वाऱ्याचे वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गाला चौरस मीटरला ७० न्यूटन धरतात. १२ गुणिले ७० म्हणजे ८४० न्यूटन. हा जोर भिंतीपासून सरासरी दीड मीटरवर लागतो, म्हणून उलथवणारा जोर १२६० न्यूटन-मीटर. ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर १५ सेंटिमीटर असेल तर वरच्या बोल्टना ८४०० न्यूटन ओढ. दोन ब्रॅकेट असले तर प्रत्येकी ४२००, म्हणजे सव्वाचारशे किलोच्या आसपास. ऑनिंगचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही. मामांनी वही मिटली आणि म्हणाले, "आता भिंत बघ."

तेव्हापासून भिंत बघणं हे मी सगळ्यात मन लावून करते. आधी बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकायचा, मग लपेल अशा जागी बारीक भोक पाडून भुकटी बघायची. लाल भुकटी म्हणजे वीट. करडी भुकटी आणि ड्रिल रेटा देतंय म्हणजे काँक्रीट, तिथं जीव भांड्यात पडतो. पांढरी, मऊ भुकटी आणि ड्रिल आपोआप आत जातंय, म्हणजे एएसी ब्लॉक, आत हवेचे बुडबुडे असलेला सिमेंटचा ब्लॉक. हा ब्लॉक पाण्यात टाकला तर तरंगतो, इतका हलका. त्यात साधा फास्टनर आवळला की तो फुगतो, ब्लॉक चुरतो आणि पान्याला खोटी घट्टी लागते. पुण्यात बाणेर, वाकड, हिंजवडीकडच्या बऱ्याच नव्या इमारतींत अशा भिंती आहेत. तिथं एकतर वरच्या बीममध्ये जायचं, नाहीतर आरपार बोल्ट टाकून आतून लोखंडी पट्टी द्यायची. आतल्या खोलीत पट्टी दिसणार म्हणून गिऱ्हाईक नाराज होतं. मी ऐकून घेते, पण फास्टनरवर लावून देत नाही. एका घरी नाही म्हणून परत आले, तर मालकांनी दुसऱ्याकडून लावून घेतलं. घेऊ देत.

काँक्रीटमध्ये आम्ही केमिकल अँकर घालतो, म्हणजे भोकात केमिकल भरून त्यात रॉड चिकटवतो. १२ मिलिमीटरच्या रॉडला १४ चं भोक. भोक पाडलं की फुंकायचं, ब्रशनं घासायचं, परत फुंकायचं. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच पोरं ती गाळतात. धूळ राहिली तर केमिकल धुळीला धरतं, काँक्रीटला नाही. ट्यूबमधून सुरुवातीला येणारं दोन रंगांचं केमिकल टाकून द्यायचं, रंग एकसारखा आला की मगच भोकात. किती वेळ थांबायचं ते ट्यूबवर तापमानानुसार छापलेलं असतं. थंडीत जास्त, उन्हाळ्यात कमी. तेवढ्या वेळात चहा प्यायचा, पाना हातात घ्यायचा नाही.

बाई म्हणून साइटवर काय होतं, हे विचारतात. गिऱ्हाईक माझ्याशी न बोलता माझ्या हेल्परशी बोलतं, हे होतं. तो पोरगा मग माझ्याकडं बघतो, आणि उत्तर मी देते. सेफ्टी बेल्ट सगळे पुरुषी मापाचे होते, माझा वेगळा मागवून घेतला. बाकी घोडी सगळ्यांना सारखीच हलते.

मोटरचं. २३० व्होल्टची वायरिंग इलेक्ट्रिशियनच करतो, मी फक्त दोन हद्दी लावते: कुठं थांबायचं बाहेर, कुठं थांबायचं आत. बाहेरची हद्द अशी लावायची की कापड ताठ असेल. जास्त सोडलं तर ते लोंबतं, आणि त्याहून पुढं गेलं तर नळीवर उलट्या बाजूनं गुंडाळायला लागतं. हद्दी लावताना मोटर सारखी पुढं-मागं चालते आणि चार-पाच मिनिटांत तापून आपोआप बंद पडते. नवा माणूस घाबरतो, जळली म्हणून फोन करतो. जळलेली नसते. वीसेक मिनिटं थंड होऊ द्यायची. दुसरं, एका साध्या स्विचवर दोन मोटरी समांतर जोडायच्या नाहीत, एकीचा करंट दुसरीत उलटा फिरतो.

काम सोपवताना मी एकच भाषण करते, ते पाण्याचं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, म्हणजे एक किलो. उतार १४ अंशांपेक्षा कमी असेल तर कापडावर खळगा पडतो, खळग्यात पाणी साचतं, पाण्यानं खळगा वाढतो. हलका शिडकावा चालेल, पण मे महिन्यातल्या वळवाला ऑनिंग बंदच हवं. त्याच्या आधी येणारा वारा पावसापेक्षा वाईट. पुढच्या पट्टीवर बसणारा, पट्टी हलली की छत आत घेणारा सेन्सर मिळतो, तो घ्या असा माझा आग्रह असतो. दुपारी घरी कुणी नसतं, आणि वळीव दुपारनंतरच येतो.

तीन आर्मचं, सहा मीटरच्या पुढचं ऑनिंग मात्र अजून मामाच लावतात. दोन आर्म जुळवणं सोपं, कारण दोन टोकांतून एकच रेघ जाते. तिसरा आर्म त्या रेघेत आला नाही तर पुढची पट्टी मधे वाकते. त्याचा स्क्रू नेमका किती वळसे फिरवायचा ते मामांना पट्टीकडं बघून कळतं. मी सध्या दोरी ताणून मोजते, आणि मामा हसतात.