काखेत हात घालून उचलू नका
आज ड्युटीवर नव्या मुलींना पेशंट बेडवरून व्हीलचेअरवर कसा घ्यायचा ते शिकवलं. सगळ्यांचे हात आधी पेशंटच्या काखेतच जातात. त्यात त्याचा खांदा दुखावतो आणि आपली कंबरही जाते.

खरं काम उचलण्याआधीच असतं. व्हीलचेअर पेशंटच्या ताकदीच्या बाजूला, ब्रेक लावलेले, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला केलेल्या. मग आपले पाय थोडे फाकवून, गुडघ्यात आणि खुब्यात वाकून, पेशंटला अंगाजवळ घ्यायचं. वळायचं ते पावलं टाकत; कमरेला पीळ द्यायचा नाही म्हणजे नाही! आणि पेशंटला आधी सांगायचं. 'एक, दोन, तीन' म्हटल्यावर तो स्वतःच किती जोर लावतो, हे बघून मुली चकित झाल्या. मला तर हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

तरी हाताच्या ताकदीला हद्द आहेच. अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) या कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या संस्थेचे थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये पेशंट हाताने उचलण्याची मर्यादा ३५ पौंड, म्हणजे जेमतेम १६ किलो सांगितली. मोठ्या माणसाचं वजन त्यात कुठून बसणार? स्लायडिंग शीट (पेशंट सरकवायची गुळगुळीत चादर) किंवा लिफ्ट (पेशंट उचलायचं यंत्र) मागताना अजिबात संकोचू नका गं, असं मुलींना बजावलंय. उद्या लिफ्टची झोळी पेशंटखाली कशी सरकवायची ते दाखवणार आहे.